अलार्म ‘लो बॅटरी’ दाखवतोय? नवी बॅटरी आणण्याआधी एवढं तपासा

नागपुरात एप्रिल लागला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात आणि घरात प्लगची टंचाई सुरू होते. आमच्या मनीषनगरच्या मावशीकडेही तेच झालं. हॉलमधल्या कूलरची वायर जवळच्या बोर्डापर्यंत पुरेना. मग एका मल्टिप्लगमध्ये कूलर आणि आधीपासून तिथे असलेला दुसरा एक प्लग, असे दोन्ही बसवले. बटण एकच.

तो दुसरा प्लग घराच्या अलार्मचा होता.

दोन-तीन दिवसांत कीपॅड टिप-टिप करायला लागला. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह. अलार्म बसवून पाच वर्षं झाली होती, त्यामुळे बॅटरी बदलली. चिन्ह गेलं. चार दिवसांनी परत आलं. ‘पीस खराब निघाला असेल’ म्हणून दुकानदाराने दुसरी बॅटरी दिली. तीही चार दिवसांत बसली. मग मेकॅनिक म्हणाला, ‘ताई, पॅनेलच बदलून टाका.’ खर्च काही हजारांचा होता. इकडे आठ दिवसांनी घर बंद करून यवतमाळला लग्नाला जायचं होतं.

कारण सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. मावशी-काका बेडरूममध्ये एसी लावून बसतात. हॉलमधला कूलर फक्त कोणी आलं तरच लागतो. कूलर बंद म्हणजे बटण बंद, म्हणजे अलार्मची लाइनही बंद. दिवसातले वीस-वीस तास पॅनेल नुसत्या बॅटरीवर चालत होतं. आणि मेकॅनिकला हे दिसलं का नाही? तो आला की मावशी पाहुणा म्हणून आधी कूलर लावायची. कूलर लागला की पॅनेललाही लाइन मिळायची. त्याने बिचाऱ्याने जेव्हा जेव्हा तपासलं, तेव्हा सगळं व्यवस्थितच होतं.

हा किस्सा सांगायचं कारण म्हणजे ‘लो बॅटरी’ या सूचनेचा अर्थ आपण सगळेच चुकीचा लावतो. आपल्याला वाटतं पॅनेल म्हणतंय, ‘बॅटरी खराब आहे.’ पॅनेल फक्त एवढंच म्हणत असतं की ‘माझ्याकडे बॅटरीतून येणारा व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलाय.’ तो का गेला, हे त्याला माहीत नसतं. ते आपल्यालाच शोधावं लागतं, आणि त्याचा एक क्रम आहे.

आधी हे बघा : कोणती बॅटरी?

घरच्या अलार्ममध्ये एक बॅटरी नसते. भिंतीवरच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात, म्हणजे पॅनेलमध्ये, एक मोठी बॅकअप बॅटरी असते. लाइन गेली (बाकी महाराष्ट्रात लाइट जाते, आमच्याकडे लाइन जाते) की अलार्म तिच्यावर चालतो. सिस्टीम वायरलेस असेल तर दाराच्या सेन्सरमध्ये, हालचाल टिपणाऱ्या सेन्सरमध्ये आणि किल्लीला अडकवलेल्या रिमोटमध्ये स्वतंत्र सेल असतात. बाहेरच्या सायरनमध्येही बऱ्याचदा स्वतःची वेगळी बॅटरी असते.

त्यामुळे सूचना नीट वाचा. ‘सिस्टीम बॅटरी’ किंवा ‘पॅनेल बॅटरी’ असं लिहिलं असेल तर ती मोठी बॅटरी. ‘झोन ३’, ‘सेन्सर ५’ असं काही असेल तर त्या सेन्सरचा सेल. साध्या कीपॅडवर अक्षरं येत नाहीत, नुसता पिवळा दिवा लागतो. अशा वेळी बिघाडांची यादी बघायची एक की असते. उदाहरणार्थ, डीएससीच्या बऱ्याच पॅनेलवर स्टार आणि मग २ दाबलं की कोणता बिघाड आहे ते कळतं. तुमच्या कंपनीची की वेगळी असू शकते. ती पुस्तिकेत असते, आणि पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून मिळते.

एक विनंती. ‘हे काय दाखवतंय?’ म्हणून कीपॅडचा फोटो सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. घरात अलार्म कुठला आहे आणि तो सध्या नीट चालत नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका फोटोत असतात. फोटो पाठवायचाच तर मेकॅनिकला एकट्याला पाठवा.

आणखी एक. टिप-टिप आवाज अलार्मचाच आहे ना, याचीही खात्री करून घ्या. धूर ओळखणारा छतावरचा डिटेक्टर आणि इन्व्हर्टर हे दोघंही असेच ओरडतात. खाली उभं राहून दोन-तीन आवाज होईपर्यंत थांबलं की कळतं.

पॅनेलची बॅटरी असेल तर आधी लाइन बघा

पॅनेलवर किंवा कीपॅडवर ‘एसी’ किंवा ‘पॉवर’ लिहिलेला एक छोटा दिवा असतो, बहुधा हिरवा. तो लागलेला असायला हवा. गंमत अशी की लागलेला पिवळा दिवा सगळ्यांना दिसतो, पण न लागलेला हिरवा दिवा कोणालाच दिसत नाही.

तो बंद असेल तर प्लग, बटण, एमसीबी आणि अॅडाप्टर या क्रमाने बघा. सफाई करताना बटण बंद झालेलं असतं, मोबाइल चार्जरसाठी कोणीतरी प्लग काढलेला असतो, किंवा कूलर असतो. मावशीचा धडा असा की दिवा एकदा बघून भागत नाही. सकाळी, दुपारी, रात्री झोपताना, असा दिवसभरात तीन-चार वेळा बघा.

लाइन आहे, पण काल-परवा बराच वेळ गेली होती? मग थांबा. पॅनेलचा चार्जर मोबाइलच्या फास्ट चार्जरसारखा नसतो. तो जेमतेम अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट देतो. घरगुती पॅनेलमध्ये सर्रास दिसणारी ७ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण रिकामी झाली असेल तर भरायला पंधरा ते वीस तास सहज लागतात. म्हणून वादळानंतर आलेली सूचना २४ तास तशीच राहिली तर घाबरू नका. २४ तासांनंतरही राहिली तर पुढे वाचा.

मग मल्टिमीटर

पॅनेलच्या डब्यात सहसा १२ व्होल्टची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. साधारण विटेपेक्षा लहान, काळी किंवा राखाडी. नव्या जीएसएम अलार्ममध्ये हिच्याऐवजी मोबाइलसारखी लिथियम बॅटरी आत बसवलेली असते. ती फुगलेली दिसली तर लगेच वापर थांबवा, टोचू नका, दाबू नका, आणि कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या.

लेड-अॅसिडची तपासणी मात्र घरी करता येते. सीताबर्डीच्या मोदी नंबर गल्ल्यांमध्ये किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. डबा उघडण्याआधी एक गोष्ट विसरू नका : झाकण उघडलं की टॅम्पर स्विचमुळे सायरन वाजतो. म्हणून आधी सिस्टीम टेस्ट किंवा सर्व्हिस मोडवर टाका, आणि अलार्म एखाद्या कंट्रोल रूमशी जोडलेला असेल तर त्यांना फोन करून सांगा. डब्यात २३० व्होल्टची वायरही येते. तिथे हात, स्क्रू ड्रायव्हर, काहीही जायला नको. वायर उघडी दिसत असेल किंवा जरा जरी धाकधूक वाटत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लाइन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. एवढे दिसले म्हणजे चार्जर काम करतोय. दिसत नसतील, १२ किंवा त्याहून कमीच असतील आणि एक दिवस चार्ज होऊनही वर जात नसतील, तर दोष बॅटरीचा किंवा चार्जरचा. कोणाचा हे ओळखायला चांगली, चार्ज झालेली दुसरी बॅटरी लावून बघतात. तिच्यावरही व्होल्टेज हळूहळू खालीच जात राहिला तर चार्जर किंवा त्याचा फ्यूज गेलाय.

आता खरी परीक्षा. पॅनेलची लाइन बंद करा, बॅटरी लावलेलीच राहू द्या आणि वीस मिनिटं थांबा. चांगली बॅटरी १३.८ वरून खाली येऊन १२.५-१२.७ च्या आसपास स्थिरावते. थकलेली बॅटरी तेवढ्यात १२ च्या खाली घसरते. बरीच पॅनेल्स साडेअकरा व्होल्टच्या आसपास ‘लो बॅटरी’ म्हणायला लागतात. लाइन असताना १३.८ आणि लाइन गेल्यावर दहा मिनिटांत ११.५, असं झालं तर ती बॅटरी फक्त दिसायला बॅटरी आहे.

मीटरने बघायचं कारण, पॅनेलचं मोजमापही चुकू शकतं. ३० मे २०२४ आठवतंय? नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, देशभर स्क्रीनशॉट फिरले आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. इतक्या महागड्या यंत्राचं असं होऊ शकतं, तर आपल्या हॉलमधल्या डब्याचं का नाही?

आपल्याकडे बॅटरी लवकर का मरते?

५६ खोटं होतं, पण खरे आकडेही कमी नाहीत. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदवले गेले होते. आणि लेड-अॅसिड बॅटरीचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे उष्णता.

पाकिटावर लिहिलेलं आयुष्य २० किंवा २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर ८ ते १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, प्लेट लवकर गंजतात, आतलं पाणी कमी होतं. ही बॅटरी सीलबंद असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखं तिच्यात वरून पाणी टाकता येत नाही. त्यात भर म्हणजे उन्हाळ्यात चार्जिंगचा व्होल्टेज थोडा कमी करायला हवा, १२ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट. महागडी पॅनेल्स हे स्वतः करतात. स्वस्तातली बारा महिने तेरा-आठवर अडून बसतात, म्हणजे मे महिन्यात बॅटरी ओव्हरचार्ज होत राहते.

त्यात आपण पॅनेल बसवतो कुठे? दिसायला नको म्हणून माळ्यावर, नाहीतर वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली. म्हणजे घरातली सगळ्यात तापणारी जागा. चार-पाच वर्षांची म्हणून आणलेली बॅटरी नागपुरात दोन-तीन वर्षांनी संशयाने बघायला लागावं, असं माझं मत आहे. नवी बसवताना तिच्यावर मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवा. हे आयुष्यात एकदा केलं की पुढे किती फोन वाचतात ते बघा.

हिशेब करून बघू. समजा पॅनेल, कीपॅड आणि दोन-तीन वायरवाले सेन्सर मिळून २०० मिलिअँपिअर घेतात. ७ अँपिअर-अवरची नवी बॅटरी कागदावर ३५ तास पुरेल. प्रत्यक्षात त्याहून कमी. दोन उन्हाळे खाल्लेल्या बॅटरीत निम्मी ताकद उरली असेल तर बारा-पंधरा तास. त्यात सायरन दोन-चार वेळा वाजला तर आणखी कमी, कारण सायरन बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त करंट खातो. आणि जूनच्या पहिल्या वादळात झाड तारांवर पडलं की लाइन कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही.

बदलताना

जुन्या बॅटरीवरचे दोन आकडे बघा, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. तेवढेच नव्यावर हवेत. आकारही जुळायला हवा, नाहीतर डब्याचं झाकण लागत नाही. शिवाय टर्मिनलच्या पात्या दोन रुंदीच्या येतात, ४.७५ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर. चुकीची आणली तर वायरचं टोक सैल बसतं, आणि सैल टोकामुळे परत ‘लो बॅटरी’. हे इतकं साधं कारण असतं की कोणी तिकडे बघतच नाही.

दुकानातच मीटर लावून घ्या. ही बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, गरम गोदामात आणखी लवकर. साडेबारा व्होल्टच्या खाली असेल तर दुसरी मागा. लाजायचं काही कारण नाही, पैसे आपले आहेत.

बदलताना आधी लाइन बंद, मग जुनी बॅटरी काढायची. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. उलटं लागलं तर पॅनेलचा फ्यूज जातो, कधी बोर्डच जातो. काढलेल्या वायरची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. स्वतःची बॅटरी असलेला बाहेरचा सायरन या काळात जोरात वाजू शकतो. म्हणून हे काम दुपारी दोनला करू नका, शेजारी झोपलेले असतात.

बदलल्यावर सूचना लगेच गेली नाही तरी चालेल. काही पॅनेल्स बॅटरीची चाचणी ठरावीक वेळानेच घेतात, काहींना कोड टाकून सूचना पुसावी लागते. एक दिवस द्या.

सेन्सरचे सेल

इथे काम सोपं आहे, पण चुका जास्त होतात. सेन्सरमध्ये सीआर १२३ ए, सीआर २०३२, एए किंवा ९ व्होल्टचा चौकोनी सेल असतो. आत लिहिलेलाच नंबर आणा. सीआर १२३ ए च्या मापाचे रिचार्जेबल सेल मिळतात, पण मूळ सेल ३ व्होल्टचा आणि पूर्ण चार्ज झालेला रिचार्जेबल ४ व्होल्टच्याही वर असू शकतो. सेन्सर जळायला तेवढं पुरतं. एए मध्ये उलटी अडचण आहे : रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, साधा १.५ चा. सेन्सर पहिल्या दिवसापासून ‘लो’ म्हणतो. दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीचे.

लिथियम सेलचा स्वभावही माहीत असू द्या. तो शेवटपर्यंत जवळपास पूर्ण व्होल्टेज देतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून ‘अजून तर चालतोय’ म्हणून महिनाभर ढकलू नका.

नवा सेल दोन-तीन महिन्यांत संपत असेल तर सेन्सर फार वेळा जागा होतोय. पुन्हा कूलर! कूलरच्या झोताने पडदा हलतो, हालचाल टिपणारा सेन्सर दर थोड्या वेळाने संदेश पाठवतो, सेल उतरतो. पडदा बांधा किंवा सेन्सरची जागा बदला. सेन्सर पॅनेलपासून फार दूर किंवा जाड भिंतीपलीकडे असेल तरी त्याला संदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. महालातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती आठवा.

हिवाळ्यात वेगळंच होतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर गेलं होतं. अशा पहाटे फाटकाजवळच्या किंवा गच्चीवरच्या सेन्सरने ‘लो बॅटरी’ म्हटलं आणि दुपारी ऊन आल्यावर सूचना गेली, तर आश्चर्य नाही. थंडीत सेलचा व्होल्टेज उतरतो. पण तो दुबळा झालाय हेही त्यातून कळतं, म्हणून संक्रांतीच्या आत बदलून टाका.

सूचना जाते कोणाला?

जीएसएम अलार्म एसएमएस पाठवतो. पण कोणत्या नंबरवर? मावशीकडे पहिला नंबर काकांचं जुनं सिम होता, दोन वर्षांपासून बंद. म्हणजे ‘लाइन गेली’ हा मेसेज पॅनेल रोज इमाने-इतबारे पाठवत होतं आणि तो कुठेच पोचत नव्हता. पॅनेलमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला असला तरी तेच. वायफायवर चालणारा अलार्म असेल तर राउटरलाही बॅकअप हवा, नाहीतर लाइन गेली की पॅनेल जिवंत आणि फोन गप्प.

घर बंद करून जायच्या आधी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या राज्याच्या नंतर, जूनअखेरीकडे उघडतात. म्हणजे आपल्याकडे घरं जास्त दिवस बंद राहतात, आणि त्याच दिवसांत उष्णता, लग्नं आणि मृगाच्या आधीची वादळं येतात. निघायच्या आदल्या दिवशी नको, आठ दिवस आधी एक काम करा : रात्री पॅनेलची लाइन बंद करून झोपा. सकाळी पॅनेल जिवंत असेल, सूचना नसेल, मेसेज चालू फोनवर आला असेल, तर बॅटरी ठीक. नसेल तर आठ दिवस हातात आहेत. तपासून झाल्यावर लाइन परत चालू करायला मात्र विसरू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागातल्या घरांत पाणी शिरलं. पाण्याखाली गेलेली पॅनेलची बॅटरी वाळवून परत लावू नका. आणि नवं पॅनेल बसवताना ते छातीच्या वर लावा, पण माळ्याच्या खाली.

काढलेली लेड-अॅसिड बॅटरी कचरागाडीत टाकू नका. तिच्यात शिसं आणि अॅसिड असतं. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार जुनी घेऊन नवीवर थोडी सूट देतातच, ती मागून घ्या. छोट्या गोल सेलना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत गंभीर भाजू शकते. तसं झालं, किंवा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठायचा.

मावशीच्या घरी शेवटी एकही रुपया लागला नाही. पॅनेलचा प्लग वेगळ्या बटणावर घेतला, एक दिवस थांबलो, चिन्ह गेलं. काकांचा चालू नंबर टाकला. यवतमाळला लग्नाच्या मांडवात संध्याकाळी साडेसातला त्यांच्या फोनवर मेसेज आला, ‘एसी फेल’. सगळे दचकले. शेजारच्या काकूंना फोन केला तर कळलं, पूर्ण कॉलनीचीच लाइन गेली होती. पावणेदहाला दुसरा मेसेज आला, लाइन आल्याचा. त्या बोर्डावर आता मावशीच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : ‘हे बटण बंद करू नये. कूलर इथे लावू नये.’